बफेलोला येताय? फोनवरच्या हवामानाच्या भरवशावर राहू नका

तुम्ही विचारलंय की जानेवारीत बायको आणि पाच वर्षांच्या मुलीला घेऊन अमेरिकेत, न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलोला येतोय, फोनवर बर्फाचा अंदाज बघून रोजचं ठरवता येतं का. व्हिसा, सोशल सिक्युरिटी वगैरे सरकारी साइटवर मिळेल, ते मी सांगत बसत नाही. पण प्रश्न वाचल्यापासून डोक्यातून जाईना.

इथला तुफान बर्फ लेक ईरी, म्हणजे शहराला लागून असलेलं प्रचंड तळं, तयार करतं. हिवाळा लागतो तेव्हा पाणी अजून कोमट असतं, त्यावरून गारठलेला वारा गेला की तो वाफ उचलतो आणि किनाऱ्यावर आणून ओततो. पट्टा अरुंद असतो, वारा जरासा वळला की तो दुसऱ्याच गावावर. तळं उथळ आहे, एकदा गोठलं की हे बरंचसं थांबतं, म्हणजे तुमचा जानेवारी कदाचित सोपा जाईल.

आमचा नोव्हेंबर २०१४ गेला नाही. ऑफिस उत्तरेला अ‍ॅमहर्स्टमध्ये, भाड्याचं घर लँकेस्टरला, अर्ध्या तासाचा रस्ता. फोनवर बफेलोला काही इंच दाखवत होतं. सोमवारी काम लांबलं म्हणून मी सहकाऱ्याकडे झोपलो, सकाळी बघतो तर इथे ऊन आणि दक्षिणेला जमिनीपासून आभाळापर्यंत पांढरी भिंत. लँकेस्टरला पाच फुटांच्या वर पडला. म्हणजे फोन खोटं बोलत नव्हता, मी होतो तिथे खरंच काही इंचच होता! रस्ते बंद. बायको आणि चार वर्षांचा मुलगा तिकडे, मी इकडे, तीन रात्री.

तेव्हापासून मी अ‍ॅप बघतच नाही. नॅशनल वेदर सर्व्हिस, म्हणजे इथलं सरकारी हवामान खातं, त्याच्या बफेलो ऑफिसचे लोक अंदाजामागचं कारण लिहितात ते वाचतो, वाऱ्याची दिशा बघतो, मग रडार. तुम्हीही तेच करा. आणि गाडी अडकली तर इंजिन चालू करायच्या आधी सायलेन्सरच्या तोंडावरचा बर्फ काढा, नाहीतर विषारी धूर आत येतो.

एकटेपणा? होतो, जातो. पुढे.

शाळेचं मात्र नीट ऐका. प्रवेशाच्या वेळी घरी कुठली भाषा बोलता असा फॉर्म भरून घेतात. मी प्रामाणिकपणे मराठी लिहिलं, मुलाची इंग्रजीची चाचणी झाली, तो मुळातच लाजरा, अनोळखी बाईसमोर तोंडच उघडेना, झालं, इंग्रजी न येणाऱ्यांत टाकला. घरी इंग्रजीत भांडणारा पोरगा! बाहेर पडायची परीक्षा थेट वसंतात. मी तीनदा भेटलो, दर वेळी हसून तेच कागद दाखवले. एका सकाळी मोजलं आणि वर्षभर तेच धरून बसले. खोटं लिहा असं मी म्हणणार नाही, पण चाचणीआधी मुलीला अनोळखी माणसांशी बोलायची सवय लावा, मी ते केलं नाही.

एकटेपणाचं वर उडवून लावलं, ते माझ्यापुरतं. बायकोने २०१४ च्या त्या बर्फात आतून दार उघडलं तर समोर बर्फाची सपाट भिंत, त्यात दाराच्या नक्षीचा आणि मुठीचा ठसा. मुलगा चमच्याने ते कोरत बसला होता, असं तिने फोनवर सांगितलं, आणि मी म्हणालो, अगं इथे तर ऊन पडलंय. ती गप्प झाली. दुसऱ्या वर्षी आम्ही उत्तरेला घर घेतलं, पण हिवाळ्यात मला ऑफिसात उशीर झाला की तिचा मेसेज येतो, तिकडे ऊन आहे का.