सतरावा नंबर आणि युरोपचा कप

प्रश्न : सर, मी टॉटनहॅम या इंग्लिश फुटबॉल क्लबचा चाहता आणि माझा मामेभाऊ मँचेस्टर युनायटेडवाला. २०२५ ची युरोपा लीग (युरोपातल्या क्लबांची स्पर्धा) फायनल आम्ही गावात, अंगणातल्या खाटेवर रात्री साडेबाराला एकाच मोबाइलवर पाहिली. आम्ही जिंकलो, पण तो अजून म्हणतो, ‘इंग्लंडच्या लीगमध्ये सतरावे आले, कप नशिबानं भेटला.’ त्याला काय सांगू?
– एक वाचक, ता. घाटंजी, जि. यवतमाळ

उत्तर : भाऊ, आधी त्याला विचार, युनायटेड त्या वर्षी कितवे होते? पंधरावे. पण तेवढ्यानं भागणार नाही. ३८ पैकी २२ सामने टॉटनहॅम हरले, हे तुला कबूल करावंच लागेल. फक्त त्यामागचं कारणही सांग. ऐन हिवाळ्यात गोलकीपर विकारियोचा घोटा मोडला, रोमेरो आणि व्हॅन द व्हेन हे दोघेही बचावपटू जायबंदी. अठरा वर्षांच्या आर्ची ग्रेला, मिडफिल्डमधल्या पोराला, बचावात उभं करावं लागलं. पुढं खालच्या तीन टीम इतक्या मागं पडल्या की टॉटनहॅमला खालच्या लीगमध्ये उतरण्याची भीती राहिली नाही. मग प्रशिक्षक पोस्टेकोग्लूंनी सगळा जोर युरोपा लीगवर लावला आणि लीगमध्ये मुख्य खेळाडूंना विश्रांती दिली. हा हिशेब होता, नशीब नव्हे.

युरोपा लीगच्या बाद फेऱ्यांत प्रत्येक टीमशी दोन सामने असतात. आल्कमारला पहिला सामना हरून दुसऱ्यात परतफेड केली, फ्रँकफर्टला त्यांच्याच घरी १-० हरवलं, नॉर्वेत बोडो-ग्लिम्टच्या कृत्रिम गवतावर २-० जिंकले. बिलबाओतल्या फायनलमध्ये ब्रेनन जॉन्सनचा ४२व्या मिनिटाचा गोल रांगडा होता, मान्य. पण दुसऱ्या हाफमध्ये विकारियोच्या हातून बॉल निसटला, युनायटेडच्या हॉयलुंडनं डोक्यानं मारला, गोलपोस्ट रिकामा. व्हॅन द व्हेननं हवेत अंग झोकून रेषेवरून पायानं तो बाहेर काढला. ती क्लिप त्याला दाखव. हिवाळ्यात मांडीच्या दुखापतीनं बसलेला हाच तो माणूस!

२००८ नंतरचा क्लबचा हा पहिला कप, युरोपातला १९८४ नंतरचा. सन ह्युंग-मिन दहा वर्षं या क्लबसाठी खेळला, त्याला इथं मिळालेला हा पहिलाच. आणि पोस्टेकोग्लूंना सोळा दिवसांत काढून टाकलं. सतरावा नंबर मालकांना खुपला असेल, पण मला ते पटलं नाही. निदान पुढच्या हंगामातले काही महिने तरी द्यायला हवे होते.