सगळ्या पेन्शनी एका मापाने मोजू नका

प्रश्न असा आहे : पेन्शनसारख्या सरकारी योजनांचा खर्च असाच वाढत गेला तर देशाची आर्थिक वाढ खुंटेल का?

कोणती पेन्शन, ते आधी सांगा. आमच्या नात्यात दोन आहेत आणि त्यांच्यापायी दोन घरांत वर्षभर अबोला होता.

अण्णा साखर कारखान्यात फिटर. २००८ साली अठ्ठावन्न पूर्ण झाली, ईपीएस-९५ ची, म्हणजे कारखाने-कंपन्यांतल्या कामगारांसाठीच्या १९९५ च्या योजनेची, पेन्शन बसली महिना १,६१२ रुपये. पगार कितीही असला तरी तेव्हा ६,५०० च धरायचे, गुणिले १९९५ नंतरची वर्षं, भागिले ७०. आधीच्या नोकरीचे थोडे ठरावीक पैसे वर. महागाई भत्ता नाही. त्यामुळे आजही १,६१२ च.

मार्च २०२३. सरकारी कर्मचाऱ्यांचा जुन्या पेन्शनसाठी संप चालू होता. मी अण्णांना हयातीच्या दाखल्यासाठी तालुक्याला नेलं. मशीनवर अंगठा उमटेना. तीस वर्षं कानस आणि ग्रीस, रेषा राहणार कुठून? तिथल्या पोराने ओल्या फडक्याने अंगठा पुसला, मग तर्जनी, मग मधलं बोट, मग डावा हात. अण्णा दरवेळी बोट शर्टाला पुसून पुन्हा ठेवत होते. शेवटी डाव्या करंगळीवर काम झालं. येताना आक्काकडे चहाला थांबलो. दाजी जिल्हा परिषदेचे शिक्षक, २००१ ला लागलेले. महाराष्ट्रात जुनी पेन्शन बंद झाली ती नोव्हेंबर २००५ पासून लागलेल्यांना, म्हणजे दाजींना ती पक्की. संपात होते ते धाकट्या सहकाऱ्यांसाठी. बोलता बोलता म्हणाले, "अण्णांनी भरलंच किती, की जास्त मिळेल?" अण्णांनी बशी खाली ठेवली आणि चपला घातल्या.

मी तेव्हा गप्प बसलो, आता बसत नाही. मालकाच्या वाट्यातून, मर्यादेपर्यंतच्या पगाराचे ८.३३ टक्के दरमहा पेन्शन फंडात गेले. तिथे गेले नसते तर अण्णांच्या पीएफमध्ये पडले असते. जुन्या पेन्शनपायी मात्र दाजींच्या पगारातून एक रुपया कापला जात नाही. जीपीएफ, म्हणजे सरकारी नोकरांचा पीएफ, कापतात, पण तो व्याजासकट परत मिळतो. शेवटच्या मूळ पगाराच्या निम्मे, वर महागाई भत्ता, मागे बायकोला कुटुंब निवृत्तिवेतन. यासाठी बाजूला ठेवलेला फंडच नाही, त्या त्या वर्षीच्या करातून द्यायचं.

वाढ खुंटते ती इथे. राज्याच्या तिजोरीतून पगार, पेन्शन आणि व्याज आधी जातात. हात आखडतो तो कालव्यावर, रस्त्यावर, शाळेच्या नव्या खोल्यांवर. रिझर्व्ह बँकेच्या बुलेटिनमध्ये २०२३ साली आलेल्या लेखात हिशेब होता, की जुन्या पेन्शनचा बोजा एनपीएसच्या साडेचार पटीपर्यंत जाऊ शकतो. एनपीएस म्हणजे जुनीच्या जागी आलेली योजना : कर्मचारी आणि सरकार दोघं भरतात, पैसा बाजारात गुंतवतात, ठरलेल्या रकमेची हमी नाही. राजस्थान, हिमाचल जुन्याकडे वळले, कारण घोषणा करणाऱ्या सरकारला सुरुवातीला उलट फायदाच होतो. एनपीएसमध्ये भरायचा सरकारी वाटा वाचतो. एनपीएस आल्यानंतर लागलेले लोक रिटायर होतील तेव्हा बिल येईल, आणि ते भरतील आज शाळेत असलेली पोरं.

अण्णांच्या १,६१२ ने कोणाची वाढ खुंटत नाही. त्या मार्चमध्ये सिलिंडरच अकराशेच्या वर होता. बाकीचे गावातल्या किराणावाल्याकडे आणि औषधाच्या दुकानात जातात.

ईपीएसवाल्यांची महिना किमान ७,५०० अधिक महागाई भत्त्याची मागणी मान्य केली तर तोही खर्चच आहे, आणि तो वाढीव वर्गणीतून किंवा सरकारी वाट्यातून उभा करावा लागेल, हे मी लपवत नाही. धाकट्या शिक्षकांची भीतीही खोटी नाही. म्हातारपण शेअर बाजारावर टाकायला मीही घाबरेन. १ एप्रिल २०२५ पासून केंद्राने आपल्या कर्मचाऱ्यांसाठी आणलेली यूपीएस, म्हणजे एकीकृत पेन्शन योजना, मला म्हणून पटते. पंचवीस वर्षं नोकरी केली तर शेवटच्या वर्षाच्या सरासरी मूळ पगाराच्या निम्म्याची हमी, पण कर्मचाऱ्याने स्वतः १० टक्के भरायचे.

दाजी इथे वाचतात, मला ठाऊक आहे. दाजी, तुम्ही विचारलं होतं अण्णांनी किती भरलं. सगळ्या स्लिपा रेक्झिनच्या पिशवीत आहेत, अण्णांच्या कपाटात, खालच्या कप्प्यात. आक्काला घेऊन या आणि बघा.