पोटरी लवते आणि झोप उडते

पत्र : ताई, मी ३१ वर्षांचा, पुण्यात आयटीत आहे. तीन महिने पोटऱ्यांत, कधी दंडात, कधी पापणीत सारखं काहीतरी उडतं. रात्री दोन वाजता मोबाइलवर वाचत बसलो आणि ‘मोटर न्यूरॉन’चा, म्हणजे स्नायू हलवणाऱ्या मज्जापेशी मरत जाण्याचा आजार डोक्यात बसला. रोज पन्नास वेळा टाचा उचलून ताकद तपासतो. बायकोला न सांगता विमा वाढवलाय. मुलगी दोन वर्षांची आहे.

उत्तर : भाऊ, विम्याची ओळ वाचून गलबलून आलं. लेकीला कडेवर घेताना तुझ्या मनात काय येत असेल ते कळलं.

पण ज्या पोटऱ्या तीन महिने रोज पन्नास वेळा तुला टाचांवरून उचलतात, त्यांची ताकद गेलेली नाही रे! त्या आजारात बहुधा काम अडतं. पायातली चप्पल निसटते, पाऊल घासतं, शर्टाची बटणं लागत नाहीत, जीभ जड होते, स्नायू वाळतो. ताकद शाबूत असताना आज इथे, उद्या तिथे नुसतं लवणं हे बहुतेक वेळा जागरण, चहा-कॉफी, दमणूक आणि काळजीचं असतं. पोटरीत तर ते फारच आढळतं. आणि रोज पन्नास वेळा टाचा उचलून ती दमून आणखी लवत असणार.

अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी अशा निरुपद्रवी लवण्याच्या १२१ रुग्णांचा मागोवा १९९३ मध्ये प्रसिद्ध केला. कुणाला २ वर्षं, कुणाला ३२ वर्षं पाहिलं होतं. एकालाही हा आजार झाला नाही.

तरी पत्रावरून मी निदान करणार नाही. एकदा न्यूरॉलॉजिस्टकडे जा. ते गुडघ्यावर हातोडी मारून बघतील, ताकद तपासतील, वाटलं तर थायरॉईड-कॅल्शियमसाठी रक्त किंवा ईएमजी, म्हणजे स्नायूत बारीक सुई घालून त्यातले विजेचे संकेत बघायची तपासणी सांगतील. सगळं ठीक निघालं तर दुसरा, तिसरा डॉक्टर शोधू नकोस. पुढे खरंच पाऊल घासू लागलं किंवा हातातून वस्तू पडू लागल्या तर मात्र लगेच परत जा. लवणं कदाचित महिनोन्‌महिने राहील. ते थांबण्याची वाट बघत जगणं थांबवू नकोस. रात्री मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेव.

आणि आज लेक झोपली की बायकोला सगळं सांग, विम्याचंसुद्धा. ती आधी चिडेल, लपवलंस म्हणून. चिडू दे. डॉक्टरांकडे जाताना तिलाच सोबत घे.

— तुझी ताई