पीडीएफ उघडते, पण मराठी बिघडते
वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरे

प्रश्न : लग्नपत्रिका कोरलड्रॉमध्ये श्री-लिपीत केली. माझ्या संगणकावर आणि पाहुण्यांच्या मोबाइलवर पीडीएफ व्यवस्थित दिसते. लातूरच्या छापखान्यात मात्र 'चि. सौ. कां.'च्या जागी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं आली. फॉन्ट पीडीएफमध्ये जोडलेला होता, तरी असं का? (एक वाचक, उदगीर)

उत्तर : छापखान्याने तुमची पीडीएफ नुसती उघडली नाही, ती कोरलमध्ये आयात केली. एका मोठ्या कागदावर चार पत्रिका बसवायच्या तर त्यांना बहुधा ते करावं लागतं. पीडीएफमध्ये जोडलेला फॉन्ट फक्त पाहण्या-छापण्यापुरता असतो. मजकूर संपादनासाठी उघडला की कोरल त्या संगणकावर बसवलेला फॉन्ट शोधतो. जुन्या पद्धतीच्या मराठी फॉन्टमध्ये 'क'च्या मागे युनिकोडचा, म्हणजे सगळीकडे चालणाऱ्या प्रमाण क्रमांकाचा, 'क' नसतो, एखाद्या इंग्रजी अक्षराचा किंवा चिन्हाचा क्रमांक असतो. फॉन्ट सापडला नाही की ते मागचं चिन्ह उघडं पडतं.

उपाय सोपा आहे, पण क्रम चुकवू नका. आधी घरातल्या दोन जाणत्या माणसांकडून पत्रिका वाचून घ्या. मग मूळ फाइल वेगळ्या नावाने सेव्ह करा आणि त्या प्रतीत सगळं निवडून कंट्रोल-क्यू दाबा, म्हणजे अक्षरांचे कर्व्ह होतील, म्हणजेच फॉन्टची गरज नसलेले नुसते रेषांचे आकार. कर्व्ह झाल्यावर मुहूर्ताची वेळ बदलली तर अक्षरं टाइप करून बदलता येत नाहीत, तेव्हा मूळ फाइल हाताशी हवीच. त्यानंतर 'फाइल'मधून 'पब्लिश टू पीडीएफ' घ्या. कर्व्ह हाताने करायचे नसतील तर तिथल्या सेटिंगमध्ये सगळा मजकूर कर्व्ह म्हणून पाठवण्याची खूण असते, ती करा. यात मूळ फाइलला धक्का लागत नाही, म्हणून आम्हाला हाच रस्ता बरा वाटतो.

पाठवण्याआधी अ‍ॅक्रोबॅट रीडरमध्ये कंट्रोल-डी दाबून 'फॉन्ट्स' पाहा. यादी रिकामी असेल तर सगळं कर्व्ह झालं. एखादं नाव उरलंच तर कोपऱ्यातला मोबाइल नंबर किंवा 'आहेर आणू नये' अशी ओळ सुटली असणार. लॉक केलेल्या वस्तू बहुधा अशाच राहून जातात. रंग कागदाच्या कडेपर्यंत जात असेल तर चारही बाजूंनी ३ मिमी ब्लीड, म्हणजे कापून जाणारा जादा रंग, सोडा, नाहीतर कटिंगला पांढरी रेघ दिसेल.

छापखाना लांब असेल आणि फाइल गेलेली असेल, तर आयात करताना येणाऱ्या चौकटीत 'टेक्स्ट'ऐवजी 'कर्व्ह्ज' निवडायला सांगा. फॉन्ट जोडलेला असल्यामुळे तेवढ्यानेही काम भागतं.

प्रश्न : नवरात्रासाठी तुळजापूर रस्त्यावर २० बाय १० फुटांचा फ्लेक्स करायचा आहे. खऱ्या मापाची पीडीएफ नीट निघत नाही. (एक वाचक, धाराशिव)

उत्तर : पीडीएफच्या पानाची नेहमीची कमाल बाजू २०० इंच, म्हणजे १६ फूट ८ इंच. तुमची २० फुटांची बाजू २४० इंच होते. पीडीएफच्या १.६ आवृत्तीपासून मोठ्या पानाची सोय आहे, पण फ्लेक्सच्या मशीनवरचं प्रत्येक सॉफ्टवेअर ती मानेलच असं नाही. त्यापेक्षा १:१० प्रमाण धरा, पान २४ बाय १२ इंच होईल. फाइलच्या नावातच 'एकास दहा, २० बाय १० फूट' असं लिहा. फोनवर सांगितलेलं विसरलं जातं.

इथे दोन ठिकाणी फसगत होते. पहिली रेघांची. चित्र लहान करण्याआधी आउटलाइनला 'स्केल विथ ऑब्जेक्ट' ही खूण नसेल तर रेघ आहे तेवढीच जाड राहते आणि फ्लेक्सवर दहापट जाड छापली जाते. दुसरी फोटोंची. लांबून पाहायच्या फ्लेक्सला खऱ्या मापावर ७२ डीपीआय (एका इंचात ७२ ठिपके) पुरतो, पण १:१० मध्ये तोच फोटो ७२० डीपीआयचा असायला हवा. पीडीएफ काढताना 'डाउनसॅम्पल ३००' (फोटो ३०० डीपीआयवर उतरवणं) चालू राहिलं तर देवीच्या फोटोला प्रत्यक्षात ३० डीपीआयच उरतो. ती खूण काढा. रिंगा मारायला कडेची दोनेक इंच जागा मजकुराविना ठेवा.

प्रश्न : पैठणीच्या पदरासाठी बांगडीमोर इंकस्केपमध्ये काढला. पीडीएफमध्ये मोराची सावली फुटते, बुट्ट्यांमध्ये पांढऱ्या रेषा दिसतात आणि राणी रंग छापून फिका आला. (एक वाचक, पैठण)

उत्तर : सावली म्हणजे ब्लर, आणि ब्लर हा फिल्टर आहे. पीडीएफमध्ये जाताना त्याचं चौकोनी ठिपक्यांचं चित्र होतं. 'सेव्ह अ कॉपी'मधून पीडीएफ निवडल्यावर येणाऱ्या चौकटीत रास्टरायझेशनच्या (ठिपक्यांत रूपांतराच्या) रिझोल्यूशनपुढे ९६ असेल तर ३०० करा. मोराच्या बाह्यरेषेला फिल्टर लावू नका, फक्त सावलीला लावा. मग रेषा व्हेक्टरच, म्हणजे कितीही मोठ्या केल्या तरी न फुटणाऱ्या, राहतील. ८०० टक्के मोठं करून पाहिलं तरी कडा कापल्यासारखी दिसली पाहिजे.

पांढऱ्या रेषांसाठीही हाच झूम वापरा. कितीही मोठं केलं तरी रेघ तेवढीच बारीक राहिली, तर तो पडद्याचा खेळ आहे. लगतच्या दोन तुकड्यांच्या कडा पडद्यावर मऊ करताना मागचा पांढरा रंग डोकावतो. बुट्ट्यांखाली जमिनीच्या रंगाचा एक सलग चौकोन टाका, रेषा बुजतील.

रंगाचं दुखणं निराळं. इंकस्केप आरजीबी, म्हणजे पडद्याच्या लाल-हिरव्या-निळ्या रंगांची, पीडीएफ देतं, छपाई चार शाईंत होते, आणि झगझगीत राणी रंग त्या शाईंच्या आवाक्याबाहेर आहे. छापील नमुना पाहूनच रंग ठरवा. सीएमवायके, म्हणजे त्या चार शाईंची, फाइलच हवी असेल तर चित्र स्क्रायबस या पानमांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये नेऊन तिथून पीडीएफ काढा.

प्रश्न : इलस्ट्रेटरमधून एका पानाची पीडीएफ ४० एमबी होते. व्हॉट्सअ‍ॅपवर कशी पाठवू? (एक वाचक, परभणी)

उत्तर : सेव्ह करताना 'प्रिझर्व्ह इलस्ट्रेटर एडिटिंग कॅपॅबिलिटीज' ही खूण काढा. ती असली की पीडीएफच्या पोटात मूळ इलस्ट्रेटर फाइलही जाते. मूळ फाइल मात्र जपून ठेवा. पाठवताना 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा. पानाचा स्क्रीनशॉट फोटो म्हणून गेला तर व्हेक्टर तिथेच संपलं.