नोकरी आणि घर सांभाळून हाफ मॅरेथॉन आणि २०० किलोमीटरची बीआरएम (मुदतीत पूर्ण करायची लांब पल्ल्याची सायकल राइड), दोन्हीची तयारी एकाच वर्षी जमते का? आठवड्याचं वेळापत्रक कसं ठेवावं?

जमते. मी केली आहे. २०१८ च्या सप्टेंबरात सातारा हिल हाफ मॅरेथॉन २ तास ४१ मिनिटांत, आणि त्याच डिसेंबरात पुण्याहून सुटणारी २०० ची बीआरएम, साडेतेरा तासांची मुदत असताना १२ तास २० मिनिटांत. वेळापत्रक सांगतेच, पण तुम्ही प्रश्नाखाली लिहिलंय की ग्रुपमधले म्हणतात, ‘मनापासून हवं असेल तर पहाटे साडेचारला उठता येतंच.’ ते वाचून राहवलं नाही.

साताऱ्यात आमच्या पेठेत नळाला पाणी पहाटे सव्वापाचला येतं आणि सहाच्या आत जातं. त्या पाऊण तासात पिंप, दोन हंडे आणि न्हाणीतली टाकी भरायची. सासूबाईंना अर्धांगवायू होऊन तेव्हा वर्ष झालं होतं, त्यांचं सगळं अंथरुणातच. नवरा चाकणला, शनिवारी रात्री घरी यायचा. आणि आमचा ग्रुप बोगद्यापाशी जमायचा तो सव्वापाचलाच, तिथून यवतेश्वरचा घाट. मला फक्त रविवारी जाता यायचं, कारण त्या दिवशी पाणी नवरा भरायचा.

ग्रुप चालवणारे सर एकदा सगळ्यांसमोर म्हणाले, “मॅडम, कारणं सांगून घाट चढत नाही. एक तर सायकल करा नाहीतर रनिंग. दोन्ही तुमच्याच्यानं व्हायचं नाही.” मी तिथं एक शब्द बोलले नाही. घरी आल्यावर मात्र रडू आवरेना.

पहाट माझी नव्हतीच. मग दिवसातली कुठली वेळ वाया जाते ते शोधायला बसले. ऑफिस कोरेगावला, म्हणजे एका बाजूला अठरा-एकोणीस किलोमीटर. एसटी, तिची वाट बघणं आणि स्टँडपर्यंतची चाल धरली तर जाऊन-येऊन अडीच तास जायचे. सायकलनं जाताना पन्नास मिनिटं लागायची आणि येताना तास, कारण कृष्णेच्या पुलावरून माहुली ओलांडली की गावापर्यंत चढच आहे. सोमवारी एसटीनं जाऊन आठवड्याचे इस्त्रीचे कपडे ऑफिसच्या कपाटात खालच्या कप्प्यात ठेवायचे. मंगळवार, बुधवार, शुक्रवार सायकल. ऑफिसात पोचले की ओल्या पंचानं अंग पुसून, कपडे बदलून दहाच्या आत टेबलावर. पहिला महिना लोक वळून बघायचे, नंतर कुणाचं लक्षही जाईना.

पळणं सोमवारी आणि गुरुवारी संध्याकाळी. मुलाची शिकवणी शाहू स्टेडियमजवळ होती, साडेसहा ते पावणेआठ. बाकीच्या आया गेटपाशी बसायच्या. मी चपला पिशवीत टाकून बूट घालायचे आणि स्टेडियमभोवती तासभर पळायचे. दिवसा सासूबाईंजवळ एक मावशी असायच्या, संध्याकाळी आठपर्यंत शेजारच्या काकू बसायच्या. त्या दोघी नसत्या तर यातलं काहीच झालं नसतं.

चूकही केली, ती नीट वाचा, कारण दोन्ही खेळ एकत्र करणाऱ्याला हा धोका हमखास असतो. सायकलनं छाती तयार होते, दम वाढतो. पण पळताना प्रत्येक पावलाला जो दणका बसतो तो सायकलवर बसतच नाही, त्यामुळे नडगीचं हाड आणि स्नायूंना हाडाशी बांधणारे दोर (कंडरा) मागेच राहतात. जुलैत रविवारचं पळणं मी दहावरून एकदम सोळा किलोमीटरवर नेलं, तेही घाटात, कारण दम लागतच नव्हता. आठवड्याभरात डाव्या नडगीवर एका जागी अंगठ्यानं दाबलं की कळ मस्तकात जायची. सर म्हणाले, “पळताना मोकळं होईल.” मी ऐकलं आणि आणखी दोन रविवार पळाले. डॉक्टरांनी हाडाला सूक्ष्म चीर सांगितली आणि सहा आठवडे पळणं बंद केलं. सायकलला मात्र परवानगी दिली. त्या सहा आठवड्यांत सायकलनंच दम टिकवला. स्पर्धेत घाट अर्धा चालत चढले, आणि उतारावर पावलं जपून, छोटी टाकली. उतारावर मांड्यांना जो मार बसतो त्याची सवय सायकल लावत नाही, तेव्हा उताराचा सराव वेगळा करा.

बीआरएमसाठी वेगळं फार काही केलं नाही. ऑक्टोबरपासून एका रविवारी लांब सायकल, पुढच्या रविवारी लांब पळणं. सायकल ८० पासून सुरू करून १४० पर्यंत नेली. २०० ला सरासरी ताशी पंधरासुद्धा लागत नाही, वाटेतला खंबाटकी घाट चढताना घाई करू नका आणि कंट्रोलवर, म्हणजे वाटेतल्या नोंदणीच्या थांब्यावर, बसून राहू नका. बीआरएमच्या त्या दोन दिवसांसाठी कराडहून नणंद आली होती, म्हणून मी पुण्याला जाऊ शकले.

पुढच्या ८ मार्चला सरांनीच मला ग्रुपच्या बायकांसमोर ‘मनाची ताकद’ यावर बोलायला बोलावलं. मी पाण्याच्या वेळेपासून सुरुवात केली तर दोन मिनिटांत त्यांनी माइक घेतला आणि म्हणाले, “ते सोडा, जिद्दीबद्दल सांगा.” तेव्हा राहिलं ते आता सांगते. जिद्द माझ्याकडे होती आणि गेटपाशी बसलेल्या त्या आयांकडेही होती. माझ्याकडे मावशी होत्या, काकू होत्या, नणंद होती आणि रविवारी पाणी भरणारा नवरा होता. तुमच्या ग्रुपात पहाटे साडेचारला उठणाऱ्यांना एकदा विचारा, परत गेल्यावर चहा कोण करतं आणि मुलांचे डबे कोण भरतं. त्याचं उत्तर देणाऱ्याचाच सल्ला ऐका.

सरांबद्दल एक सांगायला हवं. स्पर्धेच्या दिवशी भर पावसात शेवटचा माणूस घाट उतरेपर्यंत ते थांबले होते, आणि उतारावर पाऊल कसं टाकायचं ते मला त्यांनीच शिकवलं होतं.

माझं वेळापत्रक तुम्हाला जसंच्या तसं लागू होणार नाही. कामाचं ठिकाण तीस किलोमीटरवर असेल किंवा वाटेत हायवे असेल तर रोज सायकलचा हट्ट नको, आणि अंधारात मागचा लाल दिवा व चकाकणारं जॅकेट असल्याशिवाय निघू नका. नडगी एकाच जागी दुखत असेल तर हे वाचणं थांबवून आधी डॉक्टरांकडे जा. आणि तुमच्याकडे पाणी किती वाजता येतं, घरी कोण कोण आहे, ऑफिस किती लांब आहे, एवढं खाली लिहा. आठवडा कसा बसवायचा ते त्यावरून सांगते.