नवा चौकोनी बारकोड येतोय, जुना स्कॅनर टाकावा लागेल का?

तुमचा प्रश्न असा की वर्धा जिल्ह्यातल्या आर्वी तालुक्याच्या गावात किराणा आहे, २०२७ पासून रेघांचा बारकोड बंद होऊन छोटा चौकोनी कोड येणार असं डीलर सांगतोय, मग सगळं आत्ताच बदलायचं का?

भाऊ, घाई करू नका. माझंही दुकान आर्वी तालुक्यातच आहे. रेघांचा बारकोड लगेच जात नाही. जीएस१ ही बारकोडचे नियम ठरवणारी संस्था. २०२७ संपेपर्यंत दुकानांत दोन्ही प्रकारचे कोड वाचता यावेत, एवढंच तिचं उद्दिष्ट आहे. तो सरकारी कायदा नाही.

आधी स्कॅनर तपासा. कॉम्प्युटरवर नोटपॅड उघडा आणि काउंटरवरच्या यूपीआयच्या क्यूआरवर स्कॅनर धरा. इंग्रजी अक्षरांची लांबलचक ओळ उमटली तर तुमचा स्कॅनर चौकोनी कोड वाचतो. नुसतीच लाल रेघ पडून राहिली तर तो बहुधा लेझरचा, म्हणजे फक्त रेघा वाचणारा असणार. कितीही सेटिंग केली तरी त्याला हा कोड वाचता येणार नाही.

पण खरी मेख सॉफ्टवेअरमध्ये आहे. आपल्याला सवय १३ आकड्यांची, भारतातल्या बहुतेक मालावर ८९० ने सुरू होणाऱ्या. नव्या कोडात आधी ०१ येतो, मग तोच नंबर सुरुवातीला शून्य लावून १४ आकडी, मग १७ आणि एक्सपायरी (२७०३३१ म्हणजे ३१ मार्च २०२७), मग १० आणि बॅच नंबर. स्कॅनर हे सगळं एका दमात आयटमच्या रकान्यात टाकतो. सॉफ्टवेअरला ते वेगळं करता आलं नाही तर गिऱ्हाईक समोर उभं आणि स्क्रीनवर ‘आयटम नॉट फाउंड’. म्हणून डीलरला असा कोड असलेलं पाकीट आणायला लावा आणि तुमच्याच कॉम्प्युटरवर बिल करून दाखवायला सांगा.

मला हा बदल मनापासून हवा आहे, तो एक्सपायरीसाठी. खेड्यात माल सावकाश खपतो, जुनी-नवी बॅच एकाच फळीवर मिसळते, पाकिटावरची तारीख हात लागून पुसते. लहान बाळाच्या दूध पावडरचा डबा मुदत संपलेला असेल तर बिलच अडलं पाहिजे. अर्थात कंपनीने कोडात तारीख भरली असेल तरच. बऱ्याच पाकिटांवरचा क्यूआर नुसता जाहिरातीचा असतो, तो वेगळा.

सुटी तूरडाळ, गूळ, शेंगदाणे यांचं काहीच बदलत नाही.

स्कॅनर बिघडेल तेव्हा चौकोनी कोड वाचणारा इमेजर (कॅमेऱ्यासारखा कोडाचा फोटो घेऊन वाचणारा) प्रकारचा घ्या, तोपर्यंत आहे तोच वापरा. सॉफ्टवेअरचं मात्र रिन्यूअलचे पैसे भरण्याआधी विचारा.