दशावतारातला नट मोबाईलसमोर

प्रश्न : मी वेंगुर्ल्याचा, वय २४. सात वर्षं दशावतारात काम करतो. एका मालिकेच्या ऑडिशनसाठी घरूनच व्हिडिओ करून मागवलाय. तयारी कशी करू?

उत्तर : तुमची खरी अडचण पाठांतराची असेल. दशावतारात संवाद लिहिलेले नसतात, नट ते तिथल्या तिथे रचतो. इथे शब्द न् शब्द दिलेला तसाच हवा. आधी सपाट वाचत पाठ करा. भावनेसकट घोकलं की एकच सूर बसतो, आणि ‘आता हेच रागाने करा’ म्हटलं की माणूस अडतो.

आवाज दोन हातांवरच्या माणसाशी बोलण्याइतकाच. जत्रेत शेवटच्या रांगेपर्यंत पोचवायची सवय इथे घात करते: आवाज फाटतो, भुवया आणि मान उगाच हलतात.

मोबाईल आडवा, डोळ्यांच्या उंचीवर. छातीपासून वरचा भाग दिसू द्या. खिडकी समोर हवी, पाठीशी आली की चेहरा काळा पडतो. भिंत साधी, कपडे एकरंगी, पंखा बंद. पावसात पत्र्याखाली रेकॉर्डिंग नकोच. समोरच्या पात्राचे संवाद वाचणाऱ्याला लेन्सच्या अगदी बाजूला उभं करा आणि हळू बोलायला सांगा. मोबाईलजवळ असल्याने त्याचाच आवाज मोठा येतो.

नाव, वय, उंची, गाव सांगून चेहऱ्याच्या दोन्ही बाजू दाखवा, पण ऑडिशन घेणाऱ्यांनी वेगळ्या सूचना दिल्या असतील तर त्याच पाळा. मालवणी हेल हवा की नको, आधीच विचारा. आणि ऑडिशनसाठी कुणी पैसे मागितले, तर एक रुपयाही देऊ नका.